उड्डाणकाल-नोंदणी
उड्डाणकाल-नोंदणी : वैमानिक व सहवैमानिक यांनी केलेल्या प्रत्येक उड्डाणाचा काळ आणि त्यातील त्यांची भूमिका व्यक्तिगत नोंदवहीत नियमानुसार लिहिण्याची पद्धती. परवाना मिळविणे, त्याचे नूतनीकरण करणे व वरच्या श्रेणीस पात्र ठरणे यांसाठी ही नोंदवही अनुभवाचा मुख्य पुरावा मानली जाते.

उड्डाणकाल : आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या व्याख्येनुसार उड्डाणाच्या हेतूने विमान प्रथम हलल्यापासून उड्डाणाअखेर ते पूर्णपणे थांबेपर्यंतचा एकूण काळ म्हणजे उड्डाणकाल होय. त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरल्यावर विमानतळावर येण्याचा वेळही त्यात धरतात. उदा., विमान ९·१० वाजता हलून १०·५५ वाजता थांबल्यास, ते प्रत्यक्ष हवेत कितीही वेळ असले तरी, उड्डाणकाल १ तास ४५ मिनिटे होतो.

भूमिकेनुसार नोंद : विद्यार्थ्याने एकट्याने केलेले उड्डाण ‘एकल’ म्हणून, तर शिक्षकासह केलेले ‘द्वैत’ म्हणून नोंदतात, द्वैत उड्डाणात प्रमुख वैमानिकाचा काळ शिक्षकाकडे जातो. सहवैमानिकाने उड्डाणात काही काळ नियंत्रणे हाताळली, तरी तेवढ्याने तो प्रमुख वैमानिक ठरत नाही. मात्र प्रमुख वैमानिकाच्या देखरेखीखाली त्याने प्रमुखाची सर्व कामे नियमानुसार पार पाडल्यास त्या काळाची स्वतंत्र नोंद होते. ज्या विमानास सहवैमानिक आवश्यक असल्याचे प्रमाणित झालेले असते, त्यातील सहवैमानिकाचा काळ वरच्या परवान्यासाठी पूर्ण धरता येतो. विमान एका वैमानिकासाठी प्रमाणित असून केवळ संबंधित देशाच्या आदेशामुळे त्यात सहवैमानिक घेतलेला असल्यास, सर्वसाधारणपणे निम्म्यापेक्षा अधिक काळ धरत नाहीत. आवश्यक चालकदलात नसणाऱ्या व्यक्तीस शेजारच्या आसनावर बसल्याचा काळ नोंदता येत नाही. सदृशीकारकावरील (सिम्युलेटरवरील) सरावही वेगळा लिहितात.

भारतातील व्यवस्था : विमान नियम, १९३७ अन्वये चालकदलातील प्रत्येकास नोंदवही ठेवणे बंधनकारक करण्यात आले, नोंदी शाईने करणे व शेवटच्या नोंदीनंतर वही किमान पाच वर्षे जपणे आवश्यक ठरविण्यात आले. अलीकडे संगणकीय नोंदवहीही वापरात आली आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात व त्यांपैकी १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून असावे लागतात. विमान कंपनीच्या मोठ्या विमानाचा प्रमुख होण्यासाठी लागणाऱ्या परवान्यास एकूण १,५०० तासांची अट आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान ३०० सागरी मैलांचे (सु. ५५६ किमी.) एक दूरपल्ल्याचे उड्डाणही करावे लागते, त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. उदा., बारामतीहून निघून औसा शहराच्या उत्तरेस असलेल्या लातूर येथे व तेथून नांदेड येथे उतरून बारामतीस परतल्यास ६०० किमी.हून अधिक अंतर होते व ही अट भागते.

महत्त्व : नोंदींवरून कामाच्या अतिरेकावरही लक्ष ठेवता येते, भारतात सलग ३६५ दिवसांत १,००० तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्ष न केलेले तास लिहिणाऱ्याचा परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. २०११ मध्ये राजस्थानात अशा खोट्या नोंदींचे प्रकरण उघडकीस आले होते. वहीतील तासांना प्रत्यक्ष सरावाचा आधार नसेल, तर त्याचा धोका अखेर प्रवाशांना पोहोचतो. म्हणून नोंदीच्या अचूकतेस सुरक्षिततेच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.