डॉफिनची खोकी

सुमारे १८०० घनफूट कागद! कॅनडातल्या विनिपेगच्या सरकारी अभिलेखागारात त्याची खोकी वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. मॅनिटोबा विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञ एव्हलिन फोर्जे यांनी ती हुडकून काढली. त्यांत ‘मिनकम’ नावाच्या एका प्रयोगाचे कागद होते. त्याबद्दल त्यांनी टोरांटोत शिकत असतानाच ऐकलं होतं.

१९७४ साली कॅनडा आणि मॅनिटोबा प्रांत यांच्या सरकारांनी मिळून, विनिपेगसोबत डॉफिन या शेतीवर जगणाऱ्या छोट्या गावात हा प्रयोग सुरू केला होता. करच, पण उलटा. मिळकत ठरावीक रेषेखाली गेली की सरकारच पैसे देणार. त्या कुटुंबाने स्वतः एक डॉलर कमावला, तर मदतीतून पन्नास सेंट कापणार. म्हणजे कष्ट करणाऱ्याच्या हाती चार पैसे जास्तच पडणार. पैसे कशावर उडवले, हे मात्र कुणी विचारायचं नाही. ‘हे तुम्हाला हवंच कशाला?’ म्हणणारा साहेब इथे नव्हता.

फुकटचा पैसा मिळाला की माणसं हातपाय हलवणार नाहीत, ही धास्ती तेव्हाही होतीच. पण उत्तर मिळायच्या आत पैसा आटला, सरकारं बदलली आणि १९७९ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला. अंतिम अहवालही निघाला नाही.

खोकी सापडली खरी, पण त्या कागदांच्या ढिगाऱ्यातून निष्कर्ष काढणं महाकठीण. फोर्जे यांनी मग वेगळीच वाट धरली. मॅनिटोबात सरकारी आरोग्यविमा होता, त्यामुळे कोण कधी दवाखान्यात गेलं याच्या नोंदी शाबूत होत्या. डॉफिनकरांची तुलना त्यांनी प्रांतातल्या तशाच इतर लोकांशी केली. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटलं होतं. अपघात, दुखापती आणि मानसिक आजार यांत फरक ठळक होता. बारावीपर्यंत टिकणारी मुलंही वाढली होती.

आणि आळस? काम कमी केलं ते मुख्यतः दोघांनी: नुकत्याच बाळंत झालेल्या आयांनी आणि शाळकरी वयाच्या पोरांनी. आया बाळाजवळ राहिल्या, पोरं वर्गात.

गरिबाला काय हवं, हे त्याच्या वतीने ठरवणाऱ्यांनी डॉफिन वाचायला हवं. तिथे लोकांनी आपलं आपण ठरवलं आणि शहाणपणाने ठरवलं. ते आपल्याला कळायला मात्र तीसहून अधिक वर्षं लागली.