‘ण’, ‘न’ आणि भेदाची दोन कामे

‘डिस्टिंक्शन’ या शब्दासाठी मराठीत एकच प्रतिशब्द नाही, हे एका परीने बरेच आहे. तर्कशास्त्रात आपण ‘भेद’ म्हणतो, दहावीच्या निकालात ‘विशेष प्रावीण्य’. पहिल्यात दोन गोष्टी शेजारी ठेवून ओळखायच्या असतात, दुसऱ्यात एक उचलून वर ठेवायची असते. पहिल्या कामाच्या नावाखाली दुसरे उरकले जाते, तेव्हा घोटाळा होतो. पुण्यात याच्या उदाहरणाला ‘ण’ आणि ‘न’ पुरेत.

‘मन’ आणि ‘मण’ यांत एका ध्वनीने अर्थ बदलतो. हा भेद भाषेला लागतो. पण कोणी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ मागितले, तर तांब्या देणाऱ्याची काहीच अडचण होत नाही. अर्थ तोच राहतो. कळते ते बोलणाऱ्याचे गाव, जात, शाळा. निदान आपल्याला कळले असे वाटते.

मौज अशी की, मूळ संस्कृत ‘पानीय’ शब्दात ‘न’च आहे. ‘ण’ आला प्राकृतातून. माहाराष्ट्रीने ‘न’चा सर्रास ‘ण’ केला. (‘पानी’ थेट संस्कृतातून आले, असे मात्र मी म्हणत नाही.) हिंदीत तर ‘पानी’ हेच प्रमाण रूप. म्हणजे श्रेष्ठपणा त्या ध्वनीत नाही, तो उच्चारणाऱ्यांच्या स्थानात आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी 1979च्या आपल्या ग्रंथात अभिरुचीविषयी असेच दाखवले: आवडीनिवडी वरकरणी खाजगी, पण त्यांतून वर्गावर्गांतले अंतर राखले जाते. आपल्याकडे हा प्रश्न त्याआधी शंभर वर्षे उभा होता. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 साली निघाली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांवर लिहिले, तेव्हा मुद्द्यांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही उलटतपासणी झाली. वाद होता सत्तेचा. व्याकरणाची साक्ष तिथे कशाला हवी होती? 1885 साली रानड्यांकडून आलेले ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, ते शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना अशा सभांत जागा नाही म्हणून.

प्रमाणलेखनाला माझा विरोध नाही. 1962चे चौदा आणि 1972चे चार नियम मी स्वतः पाळतो. वहीत ‘पानी’ दिसले तर शिक्षकाने ‘पाणी’ करावे. लेखनाला एक रूप लागते. पण तोंडी परीक्षेत ‘पानी’ म्हटल्याबद्दल एखाद्या मुलीचे गुण कापले, तर ते नेमके कशाचे कापले, हे त्याने तिला लिहून द्यावे.