हरभऱ्याच्या एका ओळीत

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, आठ दिवसांवर आली होती. सकाळी सातला किल्लारीच्या शिवारात हरभऱ्यात उतरलो, तर विजार गुडघ्यापर्यंत भिजली आणि पोटऱ्या चुरचुरायला लागल्या. ही आंब. हरभऱ्याच्या पानांवर, शेंड्यांवर, घाट्यांवर बारीक लव असते. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं आणि रात्रीच्या दवात उतरतं. पूर्वी बायका संध्याकाळी पिकावर धुतलेलं फडकं अंथरायच्या, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायच्या; पोटदुखीवर ती द्यायची. पीक मात्र ती स्वतःच्या राखणीसाठी तयार करतं. पुष्कळशा किडी या आंबट पाल्याच्या वाटेला जात नाहीत. घाटेअळी जाते.

काकी माझ्यापुढे चालत होती. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, गाव उठून नव्या जागी गेलं आणि रानं होती तिथंच राहिली. वाट लांबली, पण हरभरा उगवल्यापासून काढेपर्यंत काकीची सकाळची फेरी चुकत नाही. पद्धत साधी आहे. रानात नागमोडी चालायचं, दहा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी मीटरभर ओळ धरून खाली बसायचं आणि अळ्या मोजायच्या. मीटरला एक-दोन अळ्या निघाल्या तर समजायचं की नुकसान आता फवारणीच्या खर्चापेक्षा मोठं होणार. त्याच्या आत असेल तर पंप खोपीतच राहू द्यायचा.

उभ्यानं पाहिलं तर रान नुसतं हिरवं दिसतं. बसलं की वस्ती दिसायला लागते. कोवळ्या शेंड्यावर खसखशीच्या दाण्याएवढं पिवळसर पांढरं अंडं होतं, एकच. घाटेअळीची मादी रात्री उडते आणि शेकडो अंडी घालते, पण एकेक करून, वेगवेगळ्या ठिकाणी. त्याला कारण आहे. या अळ्या एकमेकींना खातात. म्हणून एका घाट्यात सहसा एकच अळी सापडते, डोकं आत खुपसलेलं आणि अर्धं अंग बाहेर. पूर्ण वाढलेली अळी साडेतीन-चार सेंटीमीटरची होते आणि तेवढ्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे पोखरते. एकराला हे गणित लावून बघा, म्हणजे शेतकऱ्याचा हात पंपाकडे का जातो ते कळेल.

तिसऱ्या ठिकाणी मी मोठ्यानं म्हटलं, "एक सापडली."

काकी वाकली, पान उलटं केलं आणि म्हणाली, "ही मेलेली हाय रे. हिला मोजू नको. बाजूला काय चिकटलंय ते बघ की."

अळीची नुसती वाळकी कातडी उरली होती. तिला लागून तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी पांढऱ्या रंगाचा, काळे ठिपके असलेला कोष होता. हा कॅम्पोलेटिस नावाच्या बारक्या गांधीलमाशीचा. ती लहान अळी हेरते आणि तिच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला आतून खात वाढतं, मग बाहेर पडून तिच्या कातडीशेजारीच कोष विणतं. मी तो कोष पानासकट उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत बसलो. इतकी वर्षं या रानात येतोय. असे कोष डोळ्यांसमोरून गेले असतील आणि मी त्यांना पाखराची शिट समजून सोडून दिलं असेल.

पीक, कीड आणि किडीचे शत्रू यांच्या नात्यात एक पेच आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ट्रायकोग्रामा हा अंड्यातच किडीला संपवणारा मित्रकीटक इतर पिकांत चांगलं काम करतो. हरभऱ्यात तो फारसा टिकत नाही, कारण पिकाची आंब त्यालाही बाधते. जी आंब शत्रूला अडवते, तीच एका मित्रालाही दारातून परत पाठवते. म्हणून हरभऱ्याची मदार कॅम्पोलेटिसवर जास्त. कॅम्पोलेटिसच्या माशीला पोटासाठी मध लागतो. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी टाकण्याची शिफारस याचसाठी आहे: धन्याच्या पांढऱ्या फुलांवर ती माशी जगते आणि शेजारच्या ओळीत शिकार करते.

काही वर्षांपूर्वी आम्ही हे सगळं मोडून ठेवलं होतं. आभाळ आलं, दोन अळ्या दिसल्या आणि घाबरून जहाल औषध मारलं. चार दिवस रान शांत होतं. त्यानंतर अळी दुपटीनं आली, कारण माश्या, कोळी, ढालकिडे सगळेच त्या फवाऱ्यात गेले होते. दुसऱ्या फवारणीचे पैसे उसने काढावे लागले. ती चूक आमचीच होती. खाली बसून कुणी पाहिलंच नव्हतं.

आता रानात काठ्यांचे पक्षीथांबे आहेत आणि पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळलेली असते. ज्वारीचं ताट उंच वाढतं आणि कोतवालाला बसायला जागा होते. त्या सकाळी एक कोतवाल ताटावरून सूर मारून खाली गेला आणि चोचीत हिरवं काहीतरी घेऊन परत आला. बांधाच्या बाजूनं साळुंक्या ओळींतून चालत होत्या. त्यांच्या तावडीतून सुटलेली अळी शेवटी जमिनीत उतरून कोष करते. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की ते कोष वर येतात, मग नांगरामागे बगळे असतात आणि वर ऊन असतं.

दहा जागांची मोजणी झाली. जिवंत अळ्या सहा, गांधीलमाशीचे कोष चार. मीटरला एकसुद्धा अळी पडत नव्हती. पाच टक्के निंबोळी अर्काची तयारी होती, म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची पूड. तीही लागली नाही.

येळवशीच्या भज्जीसाठी काकीनं हरभऱ्याचे शेंडे खुडून ओट्यात भरले. कोथिंबीरही घेतली, पण सगळी नाही. दोन ओळी तिनं फुलावर सोडल्या आहेत. तुमच्या हरभऱ्यातही सोडा, आणि पंप पाठीवर घेण्याआधी दहा ठिकाणी खाली बसा.