बारावीनंतर कोणत्या कॉलेजात अर्ज करावा? आधी जमीन पाहा, मग बेणे



मागील वर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या गट ऑफिसात एक सभासद आले. आम्हास वाटले, ऊसबिलाची चौकशी असेल. पण त्यांनी पिशवीतून मुलीच्या मार्कांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, पोरीला सायन्सला ब्याऐंशी टक्के पडल्यात आणि आता आर्ट्सला जातो म्हणत्या. गावात तोंड कसं दाखवायचं? तुम्हीच सांगा तिला समजावून."

मुलगी दारातच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मला इतिहास आणि अर्थशास्त्र शिकायचंय."

तात्यांना वाटले, आम्ही त्यांच्या बाजूने बोलू. पण आम्ही गप्प झालो. कारण हीच चूक आम्ही आमच्या घरात केलेली होती. आमच्या थोरल्या मुलास भूगोलाची आवड. पण शेजारच्याचा मुलगा इंजिनिअरिंगला गेला म्हणून आम्ही त्यालाही तिकडेच घातले. एकच फॉर्म भरला, दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. दीड वर्षाने पोरगा पेटी घेऊन परत आला. पैसे गेले ते गेलेच. पण वर्षभर तो घरात मान खाली घालून वावरला, ते आम्हास आजही बोचते. दोष कॉलेजचा नव्हता, आमचा होता.

आम्ही तुम्हास नेहमी सांगतो, जाहिरात बघून बेणे घेऊ नका. को ८६०३२ चांगलाच. पण जमीन चोपण असेल तर फुले २६५ चा विचार करा. आधी माती परीक्षण, मग जात. पोरांच्या बाबतीत मात्र आपण माती न पाहताच लागण उरकतो!

आर्ट्स म्हणजे वाया, हे खरे नाही

प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, तेव्हा त्यांच्या जोडीला प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ होते. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. त्यांचा विषय अर्थशास्त्र. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. म्हणजे ज्या सहकारी साखर कारखानदारीवर आपली चूल पेटते, तिच्या पायात एका अर्थशास्त्राच्या मास्तराचा दगड आहे. यशवंतराव चव्हाण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकून १९३८ साली इतिहास व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले.

आणखी जवळचे सांगायचे तर गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे लहानपणचे शिक्षण आपल्या कागलात झाले. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणास पाठवीत. गोखले राजाराम, डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन कॉलेजांत शिकून १८८४ साली पदवीधर झाले. जिथे पुढचे शिक्षण मिळेल तिथे ते गेले. एकाच नावाला धरून बसले नाहीत.

अर्ज करताना काय पाहावे

पहिली गोष्ट, विषय. मुलास कोणता विषय मनापासून हवा ते त्यालाच विचारा आणि तो विषय त्या कॉलेजात शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, ते ऑफिसात जाऊन पाहा. काही ठिकाणी पहिल्या वर्षाला विषय असतो, पुढे मुलांअभावी मिळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स मिळते. चौथे वर्ष तिथे आहे का, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट, शिकवणारी माणसे. त्या विषयाला कायम प्राध्यापक किती, ग्रंथालय किती वेळ उघडे असते, नॅकचा दर्जा काय, हे विचारण्यात लाज कसली? आपण ट्रॅक्टर घेताना चार शोरूम फिरतो. शक्य तर कॉलेज चालू असताना एक दिवस जाऊन या आणि तिथल्या मुलांशी बोला. कमानीवरून कॉलेज ठरवू नका.

तिसरी गोष्ट, खर्च. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, यात फीचा मोठा फरक पडतो. फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च जास्त होतो, तो आधी मांडा. उत्पन्नाचा, जातीचा आणि रहिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. खेड्यातल्या पोरांना राहायला जागा नाही म्हणून शिक्षण अडते, हे ओळखूनच शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले होते. अडचण आजही तीच आहे, म्हणून वसतिगृहाचा अर्ज कॉलेजच्या अर्जाबरोबरच करा.

एकाच सरीवर भिस्त नको

आमचे सांगणे असे की अर्ज चार ते पाच ठिकाणी करावेत. एक खात्रीचा: घरून जाता-येता येईल असा. आपल्या दारात बिद्रीचे दूधसाखर महाविद्यालय आहे, गारगोटीस मौनी विद्यापीठ आहे. दोन मधले: कोल्हापुरात १८८० पासूनचे राजाराम कॉलेज आहे, स्वायत्त असलेले विवेकानंद आहे, सांगलीस १९१९ चे विलिंग्डन आहे. आणि एक-दोन लांबचे, जिथे मिळेल-न मिळेल अशी शंका आहे: पुण्याचे फर्ग्युसन किंवा स. प., किंवा बाहेरचे एखादे विद्यापीठ. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा असते. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरचे उत्पन्न पाहून फीत सवलत मिळते. मात्र या ठिकाणचे फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावे लागतात. निकालानंतर जागे झालो तर ती लागण हुकलीच म्हणून समजा.

लांबचे नाव मोठे आणि जवळचे हलके, असेही नाही. विषय चांगला शिकवत असतील, खर्च झेपत असेल आणि मुलाचे मन लागत असेल, तर दारातले कॉलेजही उत्तमच.

त्या दिवशी तात्यांना आम्ही आमच्या मुलाची हकिकत सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलीकडे न बघताच म्हणाले, "फॉर्म कुठं कुठं भरायचं, लिवून द्या." मुलीनेच पुढे होऊन कागद घेतला. लांबचे फॉर्म तोवर संपले होते. तिने चार ठिकाणी अर्ज केले, तीन ठिकाणी नाव लागले. आज ती कोल्हापुरात वसतिगृहात राहून अर्थशास्त्र शिकते आहे. पुढे काय होईल ते आम्ही आज सांगू शकत नाही. उगवण चांगली आहे, एवढे मात्र खरे.

आमचा मुलगाही आता भूगोल घेऊन बी. ए. करतो आहे. दोन वर्षे मागे पडला, पण रात्री नकाशा पसरून बसलेला दिसतो, तेव्हा आम्हास बरे वाटते.

तरी ज्यांच्या घरी यंदा बारावीचे मूल आहे त्या सभासदांनी दिवाळीच्या सुट्टीतच त्याच्याशी एकदा शांतपणे बोलावे. आपण कमी बोलावे, त्याला जास्त बोलू द्यावे. काही अडचण वाटल्यास गट ऑफिसात या. ऊसनोंदीबरोबर याही गोष्टीला आम्ही वेळ देऊ.