घरचा संगणक मोडीत काढण्यापूर्वी

पितळेचे पातेले आतून उघडे पडले आणि त्यात आंबट पदार्थ कळकू लागला, तर जुन्या गृहिणी ते मोडीत घालीत नसत. भांड्याचे अंग शाबूत आहे, गेली आहे ती केवळ कल्हई, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. कल्हईवाल्यास चार पैसे दिले की तेच पातेले आणखी काही वर्षे चुलीवर चढे. हल्लीच्या घरांतून लॅपटॉपविषयी हाच विवेक दाखविला जावा, असे आम्हांस वाटते.

मीरा-भाईंदर हे प्राधान्याने नोकरदारांचे नगर. २००२ साली येथे महानगरपालिका आली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. सकाळची लोकल गाठणारे आईवडील, शिकणारी मुले, लहानशी सदनिका आणि तिच्या कर्जाचा हप्ता, अशा संसारात लॅपटॉप बहुधा एकच असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी होऊन शाळा घरात आली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी पोटास चिमटा घेऊन तो घेतला. काहींनी कचेरीतून निघालेला, वापरलेला पत्करला. आता तो सुरू करावा, चहा करून आणावा, तरी पडद्यावरील चक्र फिरतच असते. मुलगी प्रकल्प पाठविण्याची वेळ टळेल म्हणून रडकुंडीस येते आणि कोणी तरी निकाल देऊन टाकतो, "यंत्र म्हातारे झाले, नवे घ्या." हा निकाल चाळीस-पन्नास हजारांचा असतो, म्हणून तो मान्य करण्यापूर्वी जरा चौकशी करणे इष्ट.

जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती साठविण्यासाठी हार्ड डिस्क असते. तीत चकचकीत तबकडी बहुधा मिनिटास ५,४०० फेरे घेत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून सरकत माहिती वाचीत असते. वाचकांनी ग्रामोफोन आठवावा. फरक इतकाच की, ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते. या दांडीचे टोक मात्र काही नॅनोमीटर उंचीवर अधांतरी तरंगते. मिनिटास ५,४०० फेरे म्हणजे सेकंदास ९०. एका फेऱ्यास सेकंदाचे सुमारे अकरा सहस्रांश लागतात आणि हवी ती जागा टोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते. दांडी सरकण्याचा वेळ निराळाच. त्यामुळे जागोजाग विखुरलेली माहिती अशा डिस्कला सेकंदास साधारणतः शंभर वेळाही वाचता येत नाही. लॅपटॉप सुरू होताना तर अशा हजारो तुकड्यांची मागणी एकदम येते. प्रोसेसर कामास तयार असतो. पण दफ्तरखान्यातून कागदच येत नाहीत, तर हुशार कारकुनाने करावे तरी काय?

एसएसडीमध्ये, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, फिरणारे असे काहीच नसते. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती ठेवलेली असते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश स्मृतीवर ही रचना उभी आहे. हवा तो कप्पा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास वाचता येतो. जे यंत्र सुरू होण्यास मिनिटे घेई, ते अर्ध्या मिनिटाच्या आत उभे राहते, याचे मर्म हेच. शिवाय विरार लोकलच्या गर्दीत चालू लॅपटॉपला धक्का बसला, तर टोक तबकडीवर आदळून हार्ड डिस्क कायमची बिघडण्याचे भय असते. एसएसडीस ते नाही.

तथापि प्रत्येक मंद यंत्राचा रोग हाच असतो असे नाही. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र रखडत असता डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर खिळलेला आणि प्रोसेसरचा मात्र पुष्कळ खाली असेल, तर दोष बहुधा डिस्कचा समजावा. रॅम चारच जीबी असेल, तर ती आठ करणेही अगत्याचे. कारण रॅम अपुरी पडली म्हणजे यंत्र डिस्कवरच भार टाकते. आणि आत आधीपासूनच एसएसडी असेल, तर या लेखातील उपाय त्यास लागू नाही.

दुसरी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची तात्पुरती मुदतवाढ तेवढी ठेवण्यात आली. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा लागतो. त्याहून जुन्या यंत्रास एसएसडीने वेग येईल, सुरक्षितता येणार नाही. अशा यंत्रावर लिनक्स बसवून ते मुलांच्या लेखन-वाचनास ठेवावे. बँकेचे व्यवहार निर्वेध सुरक्षा मिळत असलेल्या यंत्रावरच करावे.

खरेदीस भाईंदरकरांना फार लांब जावयास नको. दुरुस्तीची दुकाने स्थानकाच्या दोन्ही अंगांस आहेत. मोठा बाजार पाहावयाचा तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, गाठावा. आपल्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते की एम.२ प्रकारची, हे यंत्राचा नमुना-क्रमांक दाखवून आधी विचारावे. साटा जोडणीत सेकंदास सुमारे साडेपाचशे मेगाबाइट हीच वेगाची मर्यादा आहे. तेव्हा जुन्या यंत्रासाठी सर्वांत महाग वस्तू घेण्यात अर्थ नाही. २०२५ च्या अखेरीपासून स्मृती-चिपांचे भाव चढले, तरीही हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने लहानच आहे. अविश्वसनीय स्वस्त आणि अवाढव्य क्षमतेची वस्तू नकली असण्याचा संभव फार, म्हणून पावती व हमी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एसएसडी लवकर झिजते, अशी एक धास्ती आहे. पाचशे जीबीच्या साध्या एसएसडीस दीडशे टेराबाइट लेखनाची हमी धरली आणि घरात रोज वीस जीबी लिहिले गेले, तरी ती हमी संपण्यास वीस वर्षे लागतील. खरा धोका निराळा आहे. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते. एसएसडी एखादे दिवशी काही न सांगता बंद पडते. तीतून पुसलेली माहिती परत मिळणेही फार कठीण. विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास ती माहिती विसरूही शकते.

यास्तव आमची एकच आग्रहाची विनंती आहे. यंत्र उघडण्यापूर्वी घरातील सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती उघडून पाहावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. मगच जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवावी किंवा सर्व काही नव्याने बसवावे. काम दुकानात दिले, तरी जुनी डिस्क मागून घ्यावयास विसरू नये. तीत आधार, पॅन, बँकेचे उतारे असे घरातील सर्व काही असते आणि नुसते 'डिलीट' केल्याने ते जात नाही.

ती धडधाकट असेल, तर एका लहान पेटीत बसवून यूएसबीने जोडता येते आणि दर महिन्याची प्रत ठेवण्यास उपयोगी पडते. सदोष असेल, तर माहिती पूर्ण नष्ट करून नोंदणीकृत ई-कचरा संस्थेकडेच द्यावी. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांची दिशाही तीच आहे. यंत्राचा गेलेला वेग काही हजारांत परत मिळतो. आजीच्या आवाजाची एकुलती एक ध्वनिफीत त्या डिस्कबरोबर गेली, तर ती कोणत्याही बाजारात मिळावयाची नाही.