हिऱ्यातली रिकामी जागा

पवईच्या आयआयटीत प्रा. कस्तुरी साहा यांच्या गटाचा सूक्ष्मदर्शक हिऱ्यातल्या एका दोषावर चालतो. शुद्ध कार्बनच्या जाळीत एका अणूच्या जागी नायट्रोजन येऊन बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. या जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. हिरवा लेझर टाकला की ते लाल चमकतं. त्याच वेळी २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह सोडल्या, की लाल प्रकाश किंचित मंदावतो. नेमक्या कोणत्या कंपनसंख्येला मंदावतो, ते आजूबाजूच्या चुंबकी क्षेत्रावर ठरतं. पवईची मंडळी तेच मोजतात, कॅमेऱ्याच्या एकेका पिक्सेलवर. खरगपूरच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांची नजर मज्जापेशींवर आहे, आणि २०२४ पासून टीसीएसबरोबर मायक्रोचिपच्या आत डोकावण्याचं काम सुरू आहे.

ही कंपनसंख्या हलवणारी आणखी एक गोष्ट आहे: स्फटिकातला ताण. चुंबकी चित्र काढणाऱ्याला तो नकोसा असतो, हिशेबातून वजा करावा लागतो. सुरजित राजेंद्रन, रोनाल्ड वॉल्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र नेमका तोच हवा होता. २०१७ साली त्यांनी मांडलं, की डार्क मॅटरचा, म्हणजे आकाशगंगेत पसरलेल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा, कण कोणत्या दिशेने आला हे हिऱ्यातल्या ताणावरून वाचता येईल.

दिशेचा एवढा आग्रह का? सूर्य आपल्या आकाशगंगेत सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने फिरतो, आणि त्याची वाट हंस तारकासमूहाच्या रोखाने आहे. वारा पडलेला असतानाही मोटारसायकलवर तोंडावर वारा येतो, तसे हे कण आपल्यावर मुख्यतः हंसाकडून यायला हवेत. आजचे मोठे शोधक टक्कर झाली एवढंच सांगतात. कुठून झाली हे त्यांना कळत नाही. आता ते इतके संवेदनशील झालेत की सूर्याचे न्यूट्रिनोही त्यांत दिसू लागलेत. २०२४ मध्ये झेनॉन-एनटी आणि पांडाएक्स या दोन्ही प्रयोगांनी त्यांची पहिली चाहूल जाहीर केली. न्यूट्रिनोची टक्कर आणि डार्क मॅटरची टक्कर नुसत्या मोजणीत सारखीच भासते. फरक सांगणार ती दिशा. गंमत अशी, की मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ १९६५ साली जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते, ते न्यूट्रिनोच पकडायला.

हिऱ्यात होईल ते असं. कणाचा धक्का बसलेलं कार्बनचं केंद्रक जाळीतून घुसत जातं आणि वाटेतले अणू जागचे हलवतं. मागे उरते काही दशनॅनोमीटर लांबीची मोडतोड. प्रकाश किंवा विद्युतभार टिपून टक्करीची वेळ आणि मिलिमीटरभराची जागा कळते. मग तेवढा तुकडा काढून एनव्ही केंद्रांच्या साहाय्याने ताणाचा नकाशा करायचा आणि शोध मायक्रॉनपर्यंत आणायचा. साध्या प्रकाशाला याहून बारीक दिसत नाही. शेवटचा टप्पा क्ष-किरणांनी किंवा खास सूक्ष्मदर्शनाने गाठावा लागतो. वेळेची नोंद चुकवून चालत नाही: पृथ्वी फिरत असल्यामुळे हंस कधी डोक्यावर तर कधी क्षितिजाकडे असतो, आणि टक्करीच्या क्षणी स्फटिकाचं तोंड कुठे होतं हे माहीत नसेल तर सापडलेल्या रेघेला काही अर्थ नाही.

माझ्या मते यात अवघड आहे तो हिराच. प्रयोगशाळेत वाफेतून थर चढवून वाढवलेल्या हिऱ्यात वाढतानाच ताण राहून जातो, आणि टक्करीची खूण त्यात हरवू शकते. मेरीलँड विद्यापीठात वॉल्सवर्थ यांच्या गटाने ताणाचे बारीक नकाशे काढून दाखवलेत, पण अख्खा शोधक अजून कागदावरच आहे. त्याला टनाच्या मापात हिरे लागतील, आणि एक टन म्हणजे ५० लाख कॅरट. झवेरी बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळेलही; इथे मात्र चकाकी, पैलू, रंग यांतलं काहीच कामाचं नाही. नायट्रोजन किती आणि कुठे आहे, आणि जाळी किती सरळ वाढली आहे, तेवढंच पाहिलं जाईल.