सरकारी खरेदीतील आपला वाटा

नोकरीतील राखीव जागा हा विषय आपल्या वस्तीतील शाळकरी मुलालाही माहीत असतो. परंतु केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या वर्षभर जी खरेदी करतात, म्हणजे फडक्यापासून यंत्राच्या सुट्या भागापर्यंत आणि साफसफाईपासून वाहन भाड्यापर्यंत, त्या खरेदीतही अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठरविलेला वाटा आहे, ही गोष्ट पेठ, मंचर, घोडेगाव, नारायणगाव या आपल्या परिसरात फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांतील पुष्कळांना तो मागायचा कसा हे माहीत नाही. म्हणून स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आम्ही हाच विषय घेतला.

हा विषय आपल्याला नवा नाही, आपण तो विसरलो एवढेच. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. त्यात नोकऱ्या होत्या, शिक्षण होते आणि सरकारी ठेकेही होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीत अकराशेहून अधिक ठेकेदार होते आणि त्यांत अस्पृश्य ठेकेदार फक्त एक होता, हे बाबासाहेबांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. नोकऱ्यांबाबत १९४३ मध्ये ८⅓ टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला. ठेक्यांचा प्रश्न मात्र तसाच मागे पडला. मध्य प्रदेशात २००२ च्या भोपाळ परिषदेनंतर सरकारी खरेदीत दलित-आदिवासींना वाटा देण्याचा प्रयत्न झाला. पण केंद्र सरकारच्या खरेदीत असा वाटा ठरायला २०१२ साल उजाडावे लागले. म्हणजे सत्तर वर्षे गेली.

आता नियम काय आहे ते पाहू. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम ११ अन्वये २३ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २० टक्के माल व सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्याव्यात, असे त्यात ठरले. १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले आणि २०१८ च्या दुरुस्तीने २० चे २५ टक्के झाले. या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यावयाचे आहेत. शिवाय ३५८ वस्तूंची एक यादी अशी आहे की त्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. त्या यादीत वेताच्या टोपल्या आहेत, झाडू आहेत, बादल्या आहेत, चपला-बूट आहेत. ज्या धंद्यांवरून आपल्या आजोबा-पणजोबांना गावाबाहेर ठेवले त्यांतील काही वस्तू येथे राखीव आहेत, हे वाचून आम्हाला हसावे की रडावे ते कळले नाही.

पण त्याच आदेशात एक वाक्य आहे, आणि आमच्या मते संपूर्ण धोरणात आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे तेच. अनुसूचित जाती-जमातीचे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा निविदेच्या अटी व किमान दर पूर्ण करू शकले नाहीत, तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढावा. नोकरीतील राखीव जागेचा अनुशेष राहतो, तो पुढे ओढला जातो, त्यासाठी मोर्चे निघतात. येथे अनुशेष नाही. आपण अर्ज केला नाही तर आपला वाटा त्या वर्षापुरता दुसऱ्याच्या घरी जातो आणि कागदोपत्री कोणाचीही चूक राहत नाही. आदेश निघाल्यानंतर बरीच वर्षे ही खरेदी ४ टक्के तर सोडाच, एका टक्क्याच्याही आत राहिली. कार्यालयांची अनास्था हे त्याचे एक कारण आहेच. परंतु आमच्याकडे येणाऱ्या माणसांच्या पिशव्यांतील कागद पाहिले की दुसरे कारणही दिसते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त हवालदार आहेत. सेवेत असताना पायाला कायमचे अपंगत्व आले. घरी परतल्यावर त्यांनी व त्यांच्या पत्नीने चार शिलाई यंत्रे घेऊन फडकी, अ‍ॅप्रन, कापडी पिशव्या शिवण्याचे काम सुरू केले. केंद्राच्या एका कार्यालयाच्या निविदेत त्यांनी दर भरला, पण अनुसूचित जातीचा उद्योग म्हणून त्यांची गणना झाली नाही. दाखल्यावर फक्त 'नवबौद्ध' असा शब्द होता. पिशवी टेबलावर ठेवून ते आम्हाला म्हणाले, "भाऊसाहेब, सरकारला माझा धर्म पाहिजे का जात? एकदाच सांगा म्हणावं."

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर असे. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती फार आधी दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात मात्र हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. आणि त्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही. तेथे महार, मांग, चांभार अशा जातींचीच नावे आहेत. तेव्हा केंद्राच्या कामासाठी दाखल्यात यादीतील मूळ जात आणि आज बौद्ध धर्म पाळत असल्याचा उल्लेख, या दोन्ही गोष्टी हव्यात. आपल्यातील काही मंडळींना मूळ जातीचा उल्लेख कागदावरसुद्धा नकोसा वाटतो. त्यामागील भावना आम्ही समजू शकतो. पण सवलत आज तरी त्याच उल्लेखावर उभी आहे. दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यात मागून घ्यावा आणि निविदेच्या शेवटच्या तारखेआधी काही महिने मागावा. आदल्या आठवड्यात नव्हे.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार व पॅनवर होते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. सरकारी वाटावे असे नाव लावून हजार-दोन हजार घेणारे दलाल सुटले आहेत, त्यांना दारात उभे करू नये. अर्जात सामाजिक प्रवर्ग विचारतात. भरून देणाऱ्या मुलाने घाईत 'सर्वसाधारण' टिचकावले की उद्योग कायमचा सर्वसाधारण दिसू लागतो, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. तसेच केवळ विकत आणून विकणाऱ्या दुकानदाराला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ वस्तू तयार करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे. रस्ता, गटार, इमारत अशी बांधकामेही या धोरणात येत नाहीत. आपल्याच वस्तीतील समाजमंदिराचे काम बाहेरचा ठेकेदार करून जातो आणि आपली पोरे त्याच्याकडे पाट्या टाकतात, त्यावर हा आदेश लागू पडत नाही. महाराष्ट्रात लहान बांधकामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्थांना व सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना काम वाटप समितीमार्फत मिळतो. पदविका घेऊन घरी बसलेल्या मुलांनी तो रस्ता धरावा. शेजारच्या कर्नाटकाने २०१७ मध्ये कायदा करून ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी २४.१० टक्के कामे राखून ठेवली व २०२३ मध्ये ती मर्यादा एक कोटीवर नेली. आपल्या संघटनांनी निवेदने देताना हा कायदा समोर ठेवायला हरकत नाही.

नोंदणी झाली की लाभ कोणते? निविदेचा फॉर्म विनामूल्य मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. काम मिळाल्यानंतरची सुरक्षा अनामत मात्र माफ नाही, तिची तजवीज आधीच करावी. अनुभव व उलाढालीच्या अटी शिथिल करण्याची मुभा कार्यालयाला आहे, सक्ती नाही. म्हणून निविदेतील ते कलम नीट वाचावे. दराची सवलत उदाहरणाने सांगतो. समजा हजार अ‍ॅप्रन हवे आहेत. मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी, म्हणजे १०० रुपये, आणि आपला ११२. आपला दर किमान दराच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याने, १०० रुपयांनी द्यायला तयार असाल तर २५ टक्के, म्हणजे अडीचशे अ‍ॅप्रन तुम्ही द्या, असे कार्यालय विचारते. येथे आपली माणसे आनंदाच्या भरात होकार देतात. कापड, धागा, वाहतूक, कर आणि घरच्या माणसांची मजुरी धरून १०० रुपयांत परवडते का, याचा हिशेब दर भरण्याआधीच कागदावर मांडलेला असावा. घरच्या बायकांची मजुरी शून्य धरून केलेला हिशेब हा हिशेब नव्हे.

मालकीचा नियम असा की एकट्याचा धंदा असेल तर मालक अनुसूचित जाती-जमातीचा हवा, आणि भागीदारी वा खासगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा त्यांचा हवा. या ५१ टक्क्यांनी आपल्या लोकांचा जितका घात केला तितका दुसऱ्या कशाने केला नसेल. एखादा धनवान ठेकेदार येतो, "दाखला तुझा, भांडवल माझं, महिन्याला इतके घरबसल्या" म्हणतो आणि सह्या होतात. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. चेकबुकावर सह्या करून कोरे चेक दुसऱ्याच्या हाती देणारा भागीदार आम्हाला लांबून ओळखू येतो; खात्यात शिल्लक किती हे त्याने कधी विचारलेले नसते. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार संपूर्णपणे जबाबदार असतो. कर थकला, कर्ज बुडाले, माल निकृष्ट निघाला आणि संस्था काळ्या यादीत गेली, तर नोटीस दाखलेवाल्याच्या दारावर लागते. आणि तो दाखला वापरून घेतलेले काम चार टक्क्यांच्या हिशेबात 'आपल्याला' दिलेले काम म्हणून मोजले जाते. आमच्याकडे कोणी विचारायला आले तर आम्ही स्पष्ट सांगतो, दाखला भाड्याने देऊ नका. काहींना राग येतो. येऊ द्या.

माजी सैनिकांविषयी थोडे. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला झाली, आणि आपल्या समाजात पलटणीची परंपरा त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेत सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या उद्योगांसाठी सरकारी ठेक्यांत १९९९ पासून ३ टक्क्यांचे उद्दिष्ट होते, ते २०२४ पासून ५ टक्के झाले. आपल्याकडील २०१२ च्या आदेशात माजी सैनिकांचा असा वेगळा वाटा नाही. त्यांच्यासाठी पुनर्वसन महासंचालनालयाच्या सुरक्षारक्षक एजन्सीसारख्या योजना आहेत, पेट्रोल पंप व गॅस वितरणात काही राखीव वाटा आहे आणि राज्याचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, पुण्यात आहे. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. मात्र अ‍ॅप्रन शिवून विकायचे असतील तर आमच्या हवालदारांना पायाच्या दुखापतीचा दाखला नव्हे, जातीचाच दाखला उपयोगी पडणार. त्यांना हे पटायला दोन चहा लागले.

शेवटी पैशाचे. माल दिला आणि बिल अडकले, ही भीती खरी आहे. चार यंत्रांच्या धंद्याला सहा महिन्यांची थकबाकी म्हणजे टाळेच. कायदा सांगतो की करारात काहीही लिहिले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर सहा टक्के धरला तर व्याज अठरा टक्के. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. मात्र उद्यम नोंदणी माल पुरवण्याच्या आधीची हवी. मालाची पोच तारखेसह सहीशिक्क्याने घ्यावी, कारण दिवस तेथून मोजले जातात. तोंडी 'मिळाला, मिळाला' याची किंमत शून्य.

पैशावरून आठवले. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे, तर एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचे कोरले आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी टोपल्या विणणाऱ्यांकडे लोक विश्वासाने ठेव ठेवीत होते आणि त्याच्या व्याजातून दानधर्म चालत होता. लेण्याद्रीच्या सहलीला जाणाऱ्यांनी मुलांना हेही सांगावे.

हवालदारांनी नवा दाखला काढला आहे, उद्यममधील प्रवर्ग दुरुस्त करून घेतला आहे आणि सरकारी ई-बाजारपेठेवर, म्हणजे 'जेम'वर, पत्नीच्या मदतीने नोंदणी केली आहे. पुढच्या निविदेचा हिशेब ते स्वतः मांडून घेऊन आले. त्यात पत्नीची मजुरी धरली होती. स्वतःची धरायची राहिली होती. ती घालून दर साडेसहा रुपयांनी वाढला, आणि तोच दर त्यांनी भरला आहे.